अमिनो आम्लांची पूरके: डबा उघडण्यापूर्वी करायचा हिशोब

माझा भाचा जिमला जाऊ लागला, त्याला दोन महिने होत नाहीत तोच एका संध्याकाळी तो काळ्या झाकणाचा भलामोठा डबा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मावशी, सगळे घेतात, मीही घेऊ ना?” डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘बीसीएए’ (तीन ठरावीक अमिनो आम्लांचे मिश्रण) लिहिलेले होते, खाली कलिंगडाचे चित्र होते, आणि आतली पूड चाखून पाहिली तर गोडव्याच्या मागून एक कडवट चव जिभेवर रेंगाळत होती. मी आहारसल्ल्याचे काम करते. हाच प्रश्न माझ्याकडे आजारपणातून उठलेल्या सासऱ्यांसाठी अमिनो आम्लांचे सिरप आणणाऱ्या सुनेकडून येतो आणि केस गळतात म्हणून कॅप्सूल सुरू केलेल्या मुलीकडूनही येतो. उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते, परंतु ते काढण्याची रीत एकच आहे. ज्यांनी अजून डबा उघडलेला नाही किंवा नुकताच उघडला आहे, त्यांच्यासाठी ती इथे क्रमाने मांडत आहे.

पायरी पहिली: डब्यात काय आहे ते ओळखा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. आपल्या शरीरातील प्रथिने घडवण्यासाठी वीस प्रकारचे मणी लागतात. त्यांतले अकरा शरीर स्वतः तयार करू शकते; उरलेले नऊ अन्नातूनच यावे लागतात, म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनीन, फेनिलअलानीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन ही ती नऊ. डाळ, दूध, अंडे, मासे यांतील माळा पचनात सुटतात, मणी रक्तात उतरतात आणि शरीर त्यांतून स्वतःला हव्या त्या माळा नव्याने ओवते. पूरकात हे मणी आधीच सुटे करून दिलेले असतात, त्यामुळे ते लवकर शोषले जातात.

बाजारात या नावाखाली जे मिळते ते एकसारखे नसते. बीसीएए म्हणजे नऊपैकी फक्त तीन, ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, बहुधा २:१:१ या प्रमाणात. ईएए म्हणजे आवश्यक अमिनो आम्ले सगळी किंवा बहुतेक. तिसरा प्रकार एकेका आम्लाचा: आर्जिनीन, ग्लुटामीन, लायसीन, ट्रिप्टोफॅन असे सुटे डबे. चौथा प्रकार औषधाच्या दुकानातल्या ‘ताकदीच्या’ सिरपचा आणि कॅप्सूलचा, ज्यात थोडी अमिनो आम्ले आणि त्यांच्या जोडीला जीवनसत्त्वे व खनिजे असतात.

या चौथ्या प्रकाराबद्दल एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. एका कॅप्सूलमध्ये मुळात एक ग्रॅमच्या आसपासच पूड मावते, आणि तीही सगळी अमिनो आम्लांची नसते. उकडलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि एकट्या ल्युसीनचेच प्रमाण अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक असते. आजारातून उठलेल्या माणसाला अशा कॅप्सूलने तरतरी वाटली, तर ती त्यातील ब जीवनसत्त्वांमुळे किंवा आजार ओसरल्यामुळे असण्याची शक्यता अधिक. स्नायू भरून येण्याइतकी प्रथिने त्या कॅप्सूलमध्ये नसतातच.

बीसीएएचा दोष वेगळा आहे. ल्युसीन हे स्नायूंना नवे प्रथिन बांधण्याचा इशारा देणारे आम्ल आहे, यात शंका नाही. परंतु इशारा मिळाला तरी माळ ओवायला नऊही मणी हातात असावे लागतात. केवळ तीनच आणून दिले तर उरलेले सहा शरीर जेवणातून घेते, आणि पोट रिकामे असेल तर स्वतःच्याच स्नायूंतून काढते. म्हणून उपाशीपोटी बीसीएए पिऊन व्यायाम केल्याने स्नायू वाढतात, हा दावा मला पटत नाही. पुरेसे प्रथिन खाणाऱ्या माणसाला बीसीएएने स्नायूवाढीत वेगळा लाभ होतो, असे भक्कमपणे सिद्ध झालेले नाही.

पायरी दुसरी: ताटातील प्रथिने मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात, आणि खरे तर निम्मा निर्णय इथेच होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन उचलण्याचा नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातील तज्ज्ञ साधारण १.४ ते २ ग्रॅमची मर्यादा सांगतात.

भाच्याला मी स्वयंपाकघरात नेले, ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि आदल्या दिवशी खाल्लेले सगळे आठवायला लावले. त्याचा समज असा की आपण रोज वरण खातो, म्हणजे प्रथिने भरपूर. त्याच्या नेहमीच्या वाटीभर वरणाला लागणारी कच्ची तूरडाळ मी काट्यावर टाकली, ती भरली २५ ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या वाटीतून मिळाली साडेपाच. तो काट्याकडे पाहतच राहिला. मग आम्ही पुढे लिहीत गेलो: शेंगदाणे घातलेले पोहे ७, पेलाभर दूध साडेसहा, दुपारच्या तीन पोळ्या १०, भात ३, भाजी २, रात्रीच्या दोन ज्वारीच्या भाकरी ८, पिठले साडेसहा, वाटीभर दही ३. बेरीज झाली साडेएकावन्न ग्रॅम.

त्याचे वजन ६५ किलो. सामान्य गरज ५४ ग्रॅमची, म्हणजे तिच्या तो जवळपास होता. व्यायामासाठी मात्र किमान ९१ हवेत, म्हणजे सुमारे ४० ग्रॅमची तूट. त्याच्या डब्यातील एका मापात अमिनो आम्ले होती ७ ग्रॅम, आणि तीही तीनच प्रकारची. याउलट दोन अंडी (१२), चाळीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (२०) आणि मूठभर शेंगदाणे (साडेसात) एवढ्यांत ती तूट भरून निघते. अंडी न खाणाऱ्याला शंभर ग्रॅम पनीर, हरभऱ्याची उसळ आणि ताक यांची जोड घालता येईल.

शाकाहारी माणसांच्या मनात एक भीती पक्की बसलेली असते, की डाळींतील प्रथिने ‘अपुरी’ असतात. गहू, ज्वारी, तांदूळ यांत लायसीन कमी असते, डाळींत मेथिओनीन कमी असते, हे खरे आहे. परंतु वरणभात, पिठले-भाकरी, खिचडी, थालीपीठ हे सगळे पदार्थ धान्य आणि कडधान्य एकत्र आणणारे आहेत आणि एकाची उणीव दुसरे भरून काढते. दोन्ही एकाच घासात असण्याचीही गरज नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झाले. अडचण दर्जाची कमी आणि प्रमाणाची जास्त असते: पोळ्या चार आणि वरण पातळ.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्याचा सल्ला दिलेला आहे. मी इतकी कठोर नाही, परंतु तीन दिवसांचा असा हिशोब कागदावर लिहिल्याशिवाय कोणी डबा घ्यावा, असे मला वाटत नाही.

पायरी तिसरी: तुमचे कारण नाव घेऊन सांगता येते का ते पाहा

‘ताकद यावी’ हे कारण पुरेसे नाही. ज्या परिस्थितीत अमिनो आम्लांचा खरोखर उपयोग होऊ शकतो, त्या मोजक्या आहेत.

पहिली परिस्थिती वयस्कर माणसांची. साठीनंतर स्नायू तेवढ्याच प्रथिनाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, दात गेलेले असतात, भूक मंदावते, आणि रात्रीचे जेवण दूधभातावर येते. ज्यांना पुरेसे अन्न जातच नाही, त्यांच्यासाठी ल्युसीन अधिक असलेले ईएए थोड्याशा पाण्यातून देणे सोयीचे ठरते, आणि जोडीला खुर्चीवरून उठण्या-बसण्यासारखा हलका व्यायाम असेल तर लाभ अधिक. नुसती पूड पाजून आजोबांना पलंगावर बसवून ठेवले तर हाती फारसे लागत नाही.

दुसरी परिस्थिती वैद्यकीय आहे. यकृताचा सिऱ्होसिस झालेल्या काही रुग्णांना, विशेषतः यकृत बिघडल्यामुळे मेंदूवर झापड येते तेव्हा, डॉक्टर बीसीएए देतात आणि त्याने ती लक्षणे कमी होण्यास मदत होते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात अमिनो आम्लांची कीटो रूपे, म्हणजे नत्राचा भाग काढलेली रूपे, असलेल्या गोळ्या दिल्या जातात. ही औषधे आहेत. त्यांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

तिसरी परिस्थिती नियमित व कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांची. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते बीसीएएने किंचित कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे, काहींत दिसलेले नाही. वजन उतरवण्यासाठी कमी खाणाऱ्या खेळाडूला ईएए सोयीचे पडू शकते. परंतु पैसे खर्च करायचेच असतील तर दुधापासून केलेले व्हे प्रथिन मला अधिक पटते, कारण त्यात नऊही आवश्यक अमिनो आम्ले असतात आणि २५ ग्रॅम प्रथिनांमागे अंदाजे अडीच ग्रॅम ल्युसीन आपसूक मिळते.

ओठावर वारंवार येणाऱ्या हर्पिसच्या पुरळासाठी लायसीन, झोपेसाठी ट्रिप्टोफॅन, रक्तदाबासाठी आर्जिनीन असे इतर उपयोगही सांगितले जातात. लायसीनचा पुरावा कमकुवत आहे. उरलेल्या दोघांविषयी पुढच्या पायरीत विस्ताराने लिहिते, कारण तिथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

पायरी चौथी: तुम्ही टाळणाऱ्यांपैकी आहात का ते तपासा

‘हे तर अन्नातच असते, त्याने काय अपाय होणार’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते. अन्नातून अमिनो आम्ले एकमेकांच्या सोबतीने आणि हळूहळू येतात. एकच आम्ल काही ग्रॅमच्या मात्रेत एकदम पोटात गेले की त्याचे वागणे औषधासारखे होते. याचे दाखले वैद्यकाच्या इतिहासात आहेत.

१९८९ मध्ये अमेरिकेत झोपेसाठी आणि उदासीसाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना स्नायूंच्या असह्य वेदना होऊ लागल्या आणि रक्तातील इओसिनोफिल या पेशी बेसुमार वाढल्या. दीड हजारांहून अधिक लोकांना हा विकार झाला आणि किमान ३७ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी घेतलेला माल एकाच उत्पादकाकडून आलेला होता आणि संशय त्यातील अशुद्ध घटकांवर गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनीन आणि काहींना तसेच दिसणारे बिनऔषधी पूरक दिले होते. आर्जिनीन घेणाऱ्यांतील सहा जण मरण पावले, दुसऱ्या गटातील एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातील बाराशेहून अधिक रुग्णांवरील अभ्यासात ग्लुटामीन दिलेल्यांचे मृत्यू अधिक झाले. हे रुग्ण अत्यवस्थ होते, त्यामुळे जिममधील तरुणाला तोच धोका आहे असे म्हणता येणार नाही. तरी हृदयाचे दुखणे असलेल्या वडिलांना ‘रक्तवाहिन्या मोकळ्या होतात’ म्हणून आर्जिनीन आणून देणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावे.

पुढील लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमिनो आम्लांचे कोणतेही पूरक सुरू करू नये. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, आणि येत्या काही दिवसांत शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण हे सगळे त्यांत येतात. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात फेनिलअलानीन शरीरात साचते, आणि लघवीला मेपल सिरपसारखा वास येणाऱ्या ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ या विकारात बीसीएएचीच तिन्ही आम्ले साचतात. अशा रुग्णांना ती ती आम्ले असलेली पूरके थेट घातक आहेत.

औषधांशी होणाऱ्या झगड्याकडे तर कोणी पाहतच नाही. उदासीवरील सिरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत ट्रिप्टोफॅन घेतल्यास घाम, थरथर, ताप, गोंधळ अशी लक्षणे असलेला गंभीर प्रकार उद्भवू शकतो. कंपवातावरील लेव्होडोपा आतड्यात शोषले जाताना आणि मेंदूत शिरताना बीसीएए, टायरोसीन, फेनिलअलानीन या अमिनो आम्लांशी स्पर्धा करते, त्यामुळे पूरक सुरू झाल्यावर गोळीचा असर घटू शकतो आणि हातांचा कंप पुन्हा वाढू शकतो. आर्जिनीन रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, छातीतील कळेसाठीची नायट्रेट आणि पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिल यांच्या जोडीने ते घेतल्यास दाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. ल्युसीनमुळे इन्सुलिन स्रवते, त्यामुळे मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनी सुरुवातीच्या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात बीसीएएची रक्तातील पातळी वाढलेली आढळते. त्यातील कारण कोणते आणि परिणाम कोणता हा वाद संपलेला नाही, पण घरात मधुमेह असणाऱ्याने महिनोन् महिने बीसीएए पिणे मला योग्य वाटत नाही.

पायरी पाचवी: डबा पारखून घ्या

लेबलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून खरा आहे का ते पाहता येते. ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचे शब्द, उत्पादनाची तारीख, आणि परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता असलेली चिकटपट्टी असायला हवी. जिममध्ये कोणी सुटी पूड पिशवीत बांधून देत असेल तर ती घेऊ नये.

घटकांच्या यादीत प्रत्येक आम्लाचे ग्रॅम वेगवेगळे लिहिलेले असावेत. ‘अमिनो मिश्रण ८ ग्रॅम’ असे मोघम लिहिले असेल तर आत स्वस्त ग्लायसीन आणि टॉरीन किती, आणि महाग ल्युसीन किती, हे कळायला मार्ग नसतो. प्रथिनांच्या डब्यांतही हीच चलाखी चालते, कारण प्रथिन मोजण्याची जुनी पद्धत नत्राचे प्रमाण मोजते आणि ग्लायसीन मिसळले की नत्र वाढून आकडा फुगतो. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतील बहुसंख्य डब्यांत लेबलावरचा आणि आतला आकडा जुळत नव्हता.

सोबतचे घटकही वाचावेत. ‘एनर्जी’ शब्द असलेल्या मिश्रणात बहुधा कॅफीन असते, ते संध्याकाळी घेतले की झोप उडते. ब-६ जीवनसत्त्व कित्येक मिश्रणांत असते आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना मुंग्या येऊन चेतातंतू दुखावतात. शाकाहारी माणसाने हिरवा ठिपका पाहावाच, कारण काही अमिनो आम्ले मक्यासारख्या पिकांपासून आंबवून काढतात, तर काही पक्ष्यांच्या पिसांपासून मिळवलेली असतात. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने उत्तेजक द्रव्यांसाठी प्रत्येक खेप तपासल्याचे प्रमाणपत्र असलेलाच माल घ्यावा. चाचणीत दोष सापडला तर ‘डब्यात भेसळ होती’ ही सबब त्याला सोडवत नाही.

पायरी सहावी: थोड्यापासून सुरू करा आणि नोंद ठेवा

चारही पायऱ्या ओलांडून, डबा पारखून, घ्यायचे ठरलेच, तर लेबलावरील मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि आठवडाभर तेवढ्यावरच राहावे. पूड तीनशे मिलिलिटर पाण्यात टाकून हलवावी. ल्युसीन पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे वर फेस आणि पांढरे कण तरंगत राहतात, तो बिघाड नव्हे. ती कोरडी तोंडात टाकून वरून पाणी पिण्याची पद्धत जिममध्ये दिसते, तिने ठसका लागून पूड श्वासनलिकेत जाऊ शकते. व्यायामाच्या आधी की नंतर यावर फार डोके शिणवू नये. दिवसाची एकूण प्रथिने त्याहून कितीतरी महत्त्वाची आहेत.

एका वेळी एकच नवे पूरक सुरू करावे, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळते. मळमळ, पोट फुगणे, गुरगुरणे आणि पातळ शौच हे सर्वांत नेहमीचे त्रास; ते मात्रा कमी केल्यावर किंवा जेवणासोबत घेतल्यावर बहुधा थांबतात. आर्जिनीनच्या मोठ्या मात्रेने जुलाब होऊ शकतात. डोके दुखणे, थकवा, जेवणाची इच्छा मरणे हे दिसले तर आठवडाभर बंद करून पाहावे. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे, छातीत धडधडणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा कारण नसताना स्नायूंत तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आठ ते बारा आठवड्यांनी वही उघडून पाहावे: उचलता येणारे वजन, दुसऱ्या दिवशीची अंगदुखी, वजनकाट्यावरचा आकडा, वयस्कर माणसाच्या बाबतीत खुर्चीवरून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येते ते. फरक दिसत नसेल तर दुसरा डबा आणू नये. बीसीएए किंवा ईएए एकदम बंद केल्याने निरोगी माणसाला काही होत नाही. डॉक्टरांनी सुरू केलेले मात्र त्यांना विचारूनच थांबवावे.

भाच्याने तो डबा परत केला नाही, कारण झाकण उघडलेले होते. तो आठवड्यातून तीन दिवस व्यायामाच्या वेळी अर्धे माप घेऊन त्याने संपवला आणि त्यानंतर सोयाबीनच्या वड्यांची भाजी त्याच्या जेवणाच्या डब्यात रोज जाऊ लागली. लेबलाच्या मागच्या बाजूचा फोटो त्याने माझ्या सांगण्यावरून फोनमध्ये ठेवला आहे. रक्ततपासणी किंवा दुसरे कोणतेही औषध सुरू करण्याची वेळ आली, की तो फोटो आधी डॉक्टरांसमोर धरायचा, कारण ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाचे उत्तर देताना लोक पूरकाचे नाव सांगायचे हमखास विसरतात.